एक्क्यांची जोडी हरते तेव्हा: घरगुती पोकरमधलं दुर्दैव आणि टेबलाची शिस्त

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला आणि काही दिवसांतच मोबाइलवरचं पैशाचं पोकर बंद पडलं. हा खेळ ॲपवरच शिकलेला माणूस आता मित्राच्या हॉलमध्ये, खऱ्या पानांसमोर बसतो आणि दोन गोष्टींनी चक्रावतो. पहिली म्हणजे आपल्यालाच पनवती लागल्यासारखं सारखं वाटत राहतं. दुसरी म्हणजे पाळी नसताना चिप्स टाकल्या, पानं फेकल्यावर सुस्कारा सोडला, बोली दोन हप्त्यांत लावली की सगळे अंगावर येतात. ॲपवर यातलं काही करताच येत नव्हतं. पाळी नसेल तर बटणच चालायचं नाही, आणि सुस्कारा कुणाला ऐकू जायचा नाही. शिस्त सॉफ्टवेअर पाळायचं, माणसाला ती शिकायची वेळच आली नाही.

या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. पोकरमध्ये दुर्दैव भरपूर असतं आणि ते टाळता येत नाही. टेबलाचे बहुतेक नियम एवढ्याचसाठी आहेत की हरलेल्या माणसाला मारलं असेल तर ते पानांनीच, शेजाऱ्याच्या तोंडाने किंवा वाटणाऱ्याच्या घाईने नव्हे.

आधी खेळ, थोडक्यात

आपल्याकडे पोकर म्हटलं की बहुतेक वेळा टेक्सस होल्डेमच असतं. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधोमध पाच पानं उघडी पडतात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून सर्वांत भारी पाच धरायची. झाकली पानं बघून एकदा आणि मग प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशा चार वेळा बोली लागते. तीन पत्तीत सगळे बूट टाकतात, इथे वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघेच पानं बघण्याआधी ठरलेली रक्कम टाकतात, ते छोटा आणि मोठा ब्लाइंड. मधे जमलेल्या सगळ्या चिप्स म्हणजे पॉट. फोल्ड म्हणजे तीन पत्तीतलं पॅक. बाकी शब्द जिथे लागतील तिथे.

८२ टक्के म्हणजे नक्की किती?

एक डाव घेऊ. तुमच्याकडे इस्पिक आणि बदाम एक्का, समोरच्याकडे किल्वर आणि चौकट राजा. फ्लॉपच्या आधीच दोघांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या, म्हणजे ऑल-इन. या घडीला तुमची बाजू साधारण ८२ टक्के आणि त्याची १८. फ्लॉपवर सत्ती, दुर्री आणि नव्वी येते, तीन वेगळ्या रंगांची. त्याला आता राजाच हवा, आणि पुढच्या दोन पानांत तो येण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास. टर्नवर चौकी. आता गड्डीत न दिसलेली ४४ पानं उरली आणि त्यांत राजे दोन. म्हणजे २२ वेळा हा प्रसंग आला तर एकदा रिव्हरला राजा पडणार. आणि तो पडतो.

यालाच बॅड बीट म्हणतात: पैसे लावताना स्पष्टपणे पुढे असलेला हात नंतरच्या पानांनी हरणं. यात तुमची चूक शून्य आहे, आणि खरं सांगायचं तर समोरच्याचीही नाही. राजांची जोडी घेऊन फ्लॉपआधी ऑल-इन जाणं हे कुणालाही शोभणारं पोकर आहे.

आपली चूक होते ती टक्क्यांच्या अर्थात. ८० टक्के ऐकलं की मन त्याला ‘जिंकलोच’ समजतं. एका रात्रीत असे ८० टक्क्यांचे दहा प्रसंग आले तर दहाही जिंकण्याची शक्यता ११ टक्क्यांहून कमी आहे. तीन किंवा त्याहून जास्त हरण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के. म्हणजे ‘आज तीनदा पुढे असून मेलो’ ही रात्र दर तीन रात्रींत एकदा यायचीच. ती आली तर काही अघटित घडलं नाही.

घरगुती खेळात यात आणखी भर पडते, कारण तिथे ‘फ्लॉप तरी बघू’ म्हणत सगळेच आत येतात. एक्क्यांची जोडी एकाच अनोळखी हातासमोर ८५ टक्के जिंकते. समोर चौघे आत आले की ती ५५ टक्क्यांच्या आसपास घसरते. समोर आठ जण राहिले तर ३५. हात तोच असतो, पण प्रत्येक जास्तीचा माणूस पाच पानांतून काहीतरी जुळवायला बसलेला असतो. तेव्हा ‘माझे एक्के कधी टिकतच नाहीत’ म्हणणाऱ्याने आधी बघावं की त्याने बोली इतकी लहान ठेवली होती का की आजूबाजूच्या सगळ्यांना आत येणं परवडलं. हे दुर्दैव अर्धं स्वतः बोलावलेलं असतं.

“पण माझ्याच बाबतीत असं का होतं?”

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही थोडी बोचरी आहेत.

पहिलं असं की बॅड बीट सोसायला आधी पुढे असावं लागतं. जो माणूस नेहमी कमजोर पानं घेऊन कॉल करतो (म्हणजे समोरच्याच्या बोलीइतकी रक्कम भरून डावात राहतो) त्याच्या वाट्याला बॅड बीट फारसे येत नाहीत, तो इतरांना ते देतो. तुमच्या वाट्याला जास्त येत असतील तर तुम्ही बरं खेळत असण्याची शक्यता आहे. शिवाय मागे असताना रिव्हरने आपल्याला तारलं, ते डाव आपण त्याच रात्री विसरून जातो.

दुसरं साधं गणित आहे. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा लागते. घरी, हाताने वाटून, गप्पा मारत, तासाला वीस-बावीस डाव होतात. पाच तासांत ११० धरू. त्या रात्री तुम्हाला एकदाही एक्के न लागण्याची शक्यता ६१ टक्के आहे. पण टेबलावर आठ जण असतील तर कुणा ना कुणाला त्याच रात्री सरासरी चारदा एक्के लागतात. ‘दुसऱ्यांनाच एक्के लागतात’ ही तक्रार अगदी खरी आहे, कारण दुसरे सात आहेत आणि तुम्ही एक.

आणि पानांना आठवण नसते. भारतीय संघाने २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून एकदिवसीय सामन्यांत सलग २० नाणेफेकी गमावल्या. वीस ठरावीक नाणेफेकी ओळीने हरण्याची शक्यता दहा लाखांत एकाच्या आसपास. तरी एकविसाव्या वेळी शक्यता निम्मीच होती, ना कमी ना जास्त. चार डाव हरल्यावर ‘आता तर लागलंच पाहिजे’ म्हणून जो वाढवून लावतो, तो गड्डीकडे उधारी मागतो आहे. जागा बदलायची, गड्डी बदलायची असेल तर खुशाल बदलावी. त्याने काही होत नाही, पण फेरी संपल्यावर मागितली तर कुणी हरकतही घेत नाही.

चांगला खेळणारा तरी जिंकतो ना?

जिंकतो, पण आपण समजतो त्यापेक्षा फार उशिरा. एक खेळाडू खरोखर सरस आहे असं धरू: दर शंभर डावांना सरासरी दहा मोठे ब्लाइंड कमावणारा. पैशाच्या होल्डेममध्ये चढ-उतार इतके असतात की शंभर डावांत निकाल या सरासरीपासून ९० ब्लाइंड इकडे-तिकडे सहज जातो. या हिशेबाने ११० डावांची एक रात्र तो साधारण ४५ टक्के वेळा तोट्यात उठेल. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर खेळला तरी वर्षअखेरीस तोट्यात असण्याची शक्यता पाचात एक राहते, सगळ्यांहून चांगला खेळूनही. म्हणून एका रात्रीच्या निकालावरून कुणी कुणाला शहाणपण शिकवणं हास्यास्पद आहे.

इथेच कूलर समजून घ्यावा. दोघांकडे इतकी भारी पानं असतात की हरणाऱ्याला सुटकाच नसते. २००८ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेत एकाकडे चार एक्के होते आणि समोरच्याने रॉयल फ्लश उघडला. चार एक्के घेऊन कोण पानं फेकेल? बॅड बीटमध्ये निदान आपण पुढे होतो एवढं समाधान असतं, कूलरमध्ये कधी कधी तेही नसतं.

पानं वाटण्यावर एवढा काथ्याकूट कशासाठी?

पानं आधी उलटी पसरून दोन्ही हातांनी कालवायची, मग गड्डीचे दोन भाग करून कडा एकमेकांत फुर्रकन घुसवत तीनदा पिसायचं, मधे एकदा थर काढून वर टाकायचे. उजवीकडच्याला गड्डी काटायला द्यायची. नुसतंच कडा घुसवून पिसलं तर पूर्ण मिसळायला सात फेऱ्या लागतात, हे गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. हाताच्या तळव्यावर चार वेळा इकडचं तिकडे करण्याला पिसणं म्हणत नाहीत. मागच्या डावातला फ्लॉप पुढच्या डावात जसाच्या तसा येतो तो यामुळेच.

गड्डीच्या तळाला रंगीत प्लास्टिकचं कोरं पान ठेवावं, म्हणजे सर्वांत खालचं पान दिसत नाही. फ्लॉप, टर्न आणि रिव्हर उघडण्याआधी वरचं एकेक पान न बघता बाजूला सरकवतात, त्याला बर्न म्हणतात. वरच्या पानाचा कान दुमडलेला असेल, पाठीवर ओरखडा असेल तर ते ओळखणाऱ्याला फायदा मिळू नये म्हणून हे. कागदी पानांचे एक्के पहिल्याच महिन्यात कान टाकतात, तेव्हा पूर्ण प्लास्टिकच्या दोन गड्ड्या घ्याव्यात. एक वाटली जात असताना दुसरी पिसून होते.

आता खरी गंमत. फ्लॉपवरची बोली संपली नाही आणि वाटणाऱ्याने घाईने टर्न उघडला. काय करायचं? गणिताच्या दृष्टीने न दिसलेलं कुठलंही पान सारखंच, पुन्हा पिसून नवं काढलं तरी शक्यता बदलत नाही. तरी प्रचलित नियम वेगळा आहे. उघडलेलं पान बाजूला ठेवायचं आणि बोली पूर्ण करायची. मग एक पान बर्न करून त्याच्या पुढचं, म्हणजे जे रिव्हरला यायचं होतं ते, टर्न म्हणून लावायचं. टर्नवरची बोली झाली की बाजूला ठेवलेलं पान उरलेल्या गड्डीत घालून पिसायचं, काटायचं आणि बर्न न करता रिव्हर काढायचा. एवढा खटाटोप अशासाठी की यायची होती ती पानं होईल तितकी येऊ द्यावीत. ते पान तुमच्या कामाचं असेल आणि कुणीतरी सरळ गड्डी पिसली, तर तुम्ही ती रात्र विसरणार नाही. गणित तुमची समजूत काढू शकत नाही, प्रक्रिया काढू शकते.

वाटताना एखादं पान उलटलं तर ओरडाआरडा नको. सबंध वाटपातल्या अगदी पहिल्या दोन पानांतलं असेल तर पुन्हा वाटायचं. नंतरचं एकच असेल तर वाटप पूर्ण करून त्या खेळाडूला वरचं पान द्यायचं आणि उघडं पडलेलं बर्न म्हणून वापरायचं. दोन उलटली तर डाव रद्द.

तोंड आणि हात

मधे दोन सत्त्या आणि एक गुलाम पडला. तुम्ही फ्लॉपआधीच सत्ती फेकली होती. तुमच्या तोंडून “अरेरे!” निघतं. डावात उरलेल्या दोघांपैकी एकाला आता कळलं की तिसरी सत्ती बाद आहे, म्हणजे समोरचा सत्तीचं सोंग करत असण्याची शक्यता जास्त. तो कॉल करतो आणि जिंकतो. तुम्ही एक रुपया न लावता दुसऱ्याचा पॉट तिसऱ्याला दिलात. पानं फेकल्यावर चेहरा आणि तोंड दोन्ही डाव संपेपर्यंत बंद, हा नियम म्हणून आहे. ‘एका हाताला एकच खेळाडू’ हाही त्याचाच भाऊ: नवख्याला मागून सुचवायचं नाही, त्याच्या पानांत डोकावून भुवया उंचवायच्या नाहीत. शिकवायचं असेल तर डाव झाल्यावर.

पाळी सोडून फोल्ड करण्याने असंच होतं. आपल्यानंतर बोलणारा फेकणार हे आधीच कळलं तर पहिल्याला खोटी बोली रेटायला मोकळं रान मिळतं.

“तुझे शंभर... आणि वर माझे दोनशे!” हे सिनेमात छान दिसतं, टेबलावर चालत नाही. ‘शंभर’ म्हणताना समोरच्याचा चेहरा वाचून मग वाढवण्याची ती पळवाट आहे, तिला स्ट्रिंग बेट म्हणतात. वाढवायचं असेल तर आकडा एकदाच बोला, किंवा सगळ्या चिप्स एका हालचालीत पुढे करा. काही न बोलता मोठ्या किमतीची एकच चिप टाकली तर तो कॉल धरतात, रेझ (वाढवलेली बोली) नव्हे. या एका मुद्द्यावर नव्या टेबलांवर सर्वांत जास्त भांडणं होतात, म्हणून पहिला डाव वाटण्याआधी तो सगळ्यांना मोठ्याने सांगून टाकावा. चिप्स पॉटमध्ये भिरकावू नयेत, आपल्यासमोर रचून ठेवाव्यात, नाहीतर किती टाकल्या हे कुणालाच मोजता येत नाही.

हरणारा, जिंकणारा आणि मधले पाच सेकंद

सर्वांत हलकट प्रकार म्हणजे स्लो रोल. रिव्हरला समोरचा ऑल-इन गेला. तुमच्याकडे अजिंक्य हात आहे. तुम्ही विचारात पडल्याचं नाटक करता, कॉल करता, त्याला पानं उघडू देता, तो पॉटकडे हात नेतो, आणि मग तुम्ही एकेक पान सावकाश उलटता. नियमाने याला बंदी नाही. पण त्याला एक हार सोसायची होती, तुम्ही त्याला दोन दिल्या. अजिंक्य हात असेल तर लगेच कॉल, लगेच दोन्ही पानं पालथी नव्हे, उताणी.

“चांगला डाव” हे हरणाऱ्याने म्हणायचं असतं. जिंकणाऱ्याने म्हटलं तर ते डिवचणं होतं, विशेषतः दोन राजांवर तरून गेल्यावर. जिंकणाऱ्याने गप्प चिप्स रचाव्यात. आणि हरणाऱ्याने “त्या पानांवर कॉल कसा केलास?” हा वर्ग घेऊ नये. एकतर तो अपमान आहे. दुसरं म्हणजे मूर्खपणाचं आहे: चुकीचे कॉल करणारा माणूस टेबलावर असणं हीच तुमची कमाई, तुम्ही त्याला फुकट सुधारता आहात किंवा घरी पाठवता आहात.

डाव संपल्यावर ‘पुढचं पान काय आलं असतं ते दाखव’ ही मागणी मला सर्वांत निरर्थक वाटते. त्या पानावरून तुमचा निर्णय बरोबर होता की चूक ते ठरतच नाही, फक्त जळफळाट वाढतो आणि तासाला दोन-तीन डाव कमी होतात.

दुर्दैवाच्या फटक्यानंतर डोकं फिरून वेडंवाकडं खेळणं म्हणजे टिल्ट. बॅड बीटने एक बाय-इन जातो (बाय-इन म्हणजे खेळायला बसताना घेतलेल्या चिप्सची रक्कम), टिल्टने पुढचे तीन जातात. त्यावरचा उपाय अगदी कोरडा आहे: एक फेरी बाहेर बसा, पाणी प्या, आणि रात्रीची मर्यादा, दोन किंवा तीन बाय-इन, खेळाच्या आधी ठरवून यजमानाला सांगून ठेवा. उधार मागायची वेळ आली की खेळ संपला.

“घरचाच तर खेळ, एवढे नियम कशाला?”

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचा निर्णय, आणि म्हणूनच तिथला अर्धा वेळ भांडणात जातो. गोव्यात १९७६ च्या कायद्याखाली पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या बोटींवर कॅसिनोंना परवानगी आहे. तिथे पगारी वाटणारा असतो आणि वाद झाला तर निवाडा करणारा व्यवस्थापक येतो. घरी दोघेही नसतात. म्हणून बसतानाच एकाला पंच ठरवावं, आणि तो स्वतः त्या डावात असेल तर दुसऱ्याला. त्याचा निर्णय त्या रात्रीपुरता अंतिम. रडीचा डाव खेळणारा प्रत्येक गटात एक असतो. त्याला समजावत बसू नये, नियम दाखवावा.

दुर्दैवाचीच धार कमी करायची असेल तर तीही सोय आहे. दोघेही ऑल-इन असतील आणि दोघांची संमती असेल तर उरलेली पानं दोनदा काढायची, प्रत्येक वेळी अर्ध्या पॉटसाठी. एक्के विरुद्ध राजे या डावात एकदाच काढलं तर १८ टक्के वेळा सगळं जातं. दोनदा काढलं तर सगळं जाण्याची शक्यता साधारण तीन टक्के, आणि तीसेक टक्के वेळा अर्धं-अर्धं. सरासरी मिळकत तीच राहते, फक्त हेलकावे कमी होतात. मित्रामित्रांच्या खेळात ही प्रथा जरूर ठेवावी.

कायद्याचं म्हणाल तर पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा यावर न्यायालयांचंही एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो कौशल्याच्या बाजूने धरला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याचा रोख मुख्यतः जागेचा मालक खेळातून कमाई करतो अशा अड्ड्यांवर आहे. रक्कम लहान आहे म्हणून आपण मोकळे, असं समजू नये. आणि यजमानाने पॉटमधून वाटा कापणं तर अजिबात नको. चहा-नाश्त्याची वर्गणी काढायचीच असेल तर खेळाच्या बाहेर. काजूच्या बिया लावून खेळलं तरी वरचे सगळे नियम जसेच्या तसे लागू पडतात.

चिप्स, वही आणि उठायची वेळ

आठ जणांना ५०० चिप्सचा संच पुरतो. ब्लाइंड ५ आणि १० असतील तर हजाराचा बाय-इन असा द्यावा: ५ च्या २०, २५ च्या १२, १०० च्या ६. प्रत्येकी ३८ चिप्स होतात, आणि पुन्हा घेणाऱ्यांसाठी दोनशेच्या आसपास उरतात. मोठ्या चिप्स पुढे ठेवायच्या, मागे लपवायच्या नाहीत, कारण समोरच्याकडे किती आहे हे बघूनच माणूस बोली ठरवतो. जिंकलेल्या चिप्स मधेच खिशात घालायच्या नाहीत. हरणाऱ्याला त्या परत जिंकायची संधी असते, या समजुतीवरच तो बसलेला असतो.

त्याच कारणाने मोठा पॉट मारून पाच मिनिटांत “बायको वाट बघतेय” म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी निरोप जात नाही. लवकर निघायचं असेल तर आल्या आल्या वेळ सांगावी. सगळ्यांचा शेवट मात्र फेऱ्यांनी ठरवावा: ‘आता तीन फेऱ्या’. ‘अजून थोडं’ या शब्दांवर हरलेला माणूस पहाटेपर्यंत बसतो.

प्रत्येक बाय-इन घेता क्षणी वहीत लिहायचा, लक्षात ठेवायचा नाही. शेवटी सगळ्यांच्या चिप्स आणि वहीतली बेरीज जुळत नाही, असं हमखास होतं. चिप्स जास्त निघाल्या तर बहुधा रात्री अकरानंतर कुणीतरी घेतलेला बाय-इन लिहायचा राहिलेला असतो, तो आधी शोधावा. चिप्स कमी असतील तर सोफ्याखाली आणि गड्डीच्या खोक्यात बघावं. तरी फरक राहिलाच तर तो जिंकलेल्यांमध्ये त्यांच्या जिंकलेल्या रकमेच्या प्रमाणात वाटतात, हरलेल्यांवर टाकत नाहीत. हिशेब त्याच रात्री, दारातून बाहेर पडण्याआधी मिटवायचा.